मगनवाडी : वर्धा शहरांतील एक वसाहत आणि तिचा संघ

एखाद्या पेठेचा किंवा आळीचा इतिहास लिहूं लागलें म्हणजे आपला हात प्रथम सनदा, महजर, इनामपत्रें यांकडे जातो. वर्धा शहराच्या बाबतींत ही वाट फार दूरवर पोंचत नाहीं. वर्धा जिल्हा नागपूर जिल्ह्यापासून १८६२ सालीं वेगळा झाला. त्याचें मुख्य ठाणें प्रथम पुलगांवजवळील कवठा येथें होतें. तें १८६६ सालीं पालकवाडी नांवाच्या खेड्याच्या जागीं आणण्यांत आलें, आणि तेथें आंखून वसविलेल्या नव्या शहरास नदीचें व जिल्ह्याचेंच नांव मिळालें. दुसऱ्याच वर्षीं आगगाडी नागपुरास पोंचली. आर्वी, आष्टी, देवळी, हिंगणघाट हीं या जिल्ह्यांतील जुनीं गांवें. त्यांच्या मानानें वर्धा हें काल जन्मलेलें मूल होय. तरीहि १९३३ पासून पुढील पंधरा वर्षांत या शहराचा मथळा असलेलीं इतकीं पत्रें बाहेर पडलीं कीं, तीं आज देशांतील व परदेशांतील कितीतरी संग्रहांत आढळतात. त्यांतील पुष्कळांचा उगम शहराच्या एका कडेच्या मगनवाडी नांवाच्या वसाहतींत आहे. ही वसाहत ज्यास ठाऊक नाहीं, त्याचा या पत्रांच्या तारखा, लेखक आणि प्रसंग या तिन्हींविषयीं घोटाळा होतो.

प्रस्तुत लेखांत मगनवाडी कशी उत्पन्न झाली, तिचे रहिवासी आणि तिचा संघ यांचा परस्परसंबंध काय होता, आणि तिच्या कागदपत्रांकडे कोणत्या दृष्टीनें पाहावें, एवढेंच सांगावयाचें आहे. महात्मा गांधींचें चरित्र हा येथील विषय नव्हे. तें इतरत्र विपुल लिहिलें गेलें आहे. किंबहुना त्याच्या प्रखर उजेडामुळेंच वसाहत झांकली गेली आहे, असें आम्हांस वाटतें.

प्रथम नांवाचा विचार करूं. मराठींत ‘वाडी’ शब्दाचे दोन अर्थ चालतात. मूळ गांवाबाहेरची लहान वस्ती हा एक, आणि कुंपण घातलेली बाग हा दुसरा. गुजरातींत बागेचा अर्थच प्रधान आहे. पालकवाडी, नालवाडी हीं वर्ध्याच्या आसमंतांतील नांवें पहिल्या अर्थाचीं. बजाजवाडी व मगनवाडी हीं दुसऱ्या अर्थाचीं. सारख्या दिसणाऱ्या या चार नांवांत हा भेद न केल्यास मगनवाडी हें एखादें जुनें खेडें असावें अशी समजूत होते, आणि मग तें जमाबंदीच्या जुन्या कागदांत शोधण्याचा व्यर्थ खटाटोप सुरू होतो. तें नांव ग्रामोद्योग संघाच्या स्थापनेबरोबर आलेलें आहे. त्यापूर्वींच्या तारखेच्या कागदावर तें दिसल्यास तो शेरा मागाहून पडला, असेंच धरून चालावें.

नांवांतील ‘मगन’ म्हणजे मगनलाल खुशालचंद गांधी. हे महात्मा गांधींच्या चुलतभावाचे नव्हत, तर पुतण्याच्या नात्याचे. दक्षिण आफ्रिकेंतील फिनिक्स वसाहतीपासून त्यांच्याबरोबर असलेले आणि पुढें साबरमती आश्रमाचा सर्व कारभार वाहणारे. चरखा व माग यांच्या सुधारणेंत त्यांनीं आयुष्य वेंचलें. २३ एप्रिल १९२८ रोजीं पाटणा येथें ते वारले. हातोद्योगाच्या वसाहतीस त्यांचें नांव देणें हें उचितच होतें. परंतु ज्याच्या नांवानें ही वाडी ओळखली गेली त्यानें ती कधीं पाहिली नव्हती, हेंहि ध्यानांत ठेवावें.

आतां वसाहतीच्या जन्माकडे वळूं. १९३४ च्या ऑक्टोबरांत मुंबईस राजेंद्रप्रसादांच्या अध्यक्षतेखालीं काँग्रेसचें अधिवेशन भरलें. त्यांत खेड्यांतील मृत व मृतप्राय धंद्यांचा उद्धार करण्यासाठीं एक स्वतंत्र संस्था काढावी, ती काँग्रेसच्या राजकारणापासून अलिप्त राहावी, आणि तिची उभारणी गांधींच्या सल्ल्यानें जे. सी. कुमारप्पा यांनीं करावी, असा ठराव झाला. त्याप्रमाणें १४ डिसेंबर १९३४ रोजीं वर्ध्यास ‘अखिल भारत ग्रामोद्योग संघ’ स्थापन झाला. श्रीकृष्णदास जाजू हे अध्यक्ष, कुमारप्पा हे संघटक व कार्यवाह. १९२५ सालीं निघालेल्या चरखा संघाचें हें धाकटें भावंड म्हणतां येईल. खादीखेरीज जें जें खेड्यांत होई तें तें याच्या वांट्यास आलें.

अलिप्ततेची अट कागदापुरती नव्हती. संघाच्या सभासदास जी प्रतिज्ञा करावी लागे तींत, सभासदत्व आहे तोंवर कायदेभंगाच्या कोणत्याहि मोहिमेंत भाग घेणार नाहीं, असें स्पष्ट कलम होतें. खेड्यांत तयार झालेल्या जिनसांस इतरांपेक्षां अधिक पसंती द्यावी, आणि खेडुतांची सेवा करतांना माणसामाणसांत भेद मानूं नये, अशींहि कलमें होतीं. सरकारचा मात्र या अलिप्ततेवर विश्वास बसला नाहीं. हिंदुस्थान सरकारच्या गृहखात्याचे चिटणीस हॅलेट यांनीं प्रांतिक सरकारांस संघाविषयीं सावधगिरीची सूचना देणारें एक गुप्त परिपत्रक १९३४ च्या अखेरीस धाडलें. तें फुटलें आणि मध्यवर्ती कायदेमंडळांत त्यावर वाद झाला. संशोधकाच्या दृष्टीनें हा संशय उपकारकच ठरला. ज्या संस्थेचा सरकारास संशय येतो तिच्याविषयींचे कागद सरकार जपून ठेवतें, हा आपणा सर्वांचा नेहमींचाच अनुभव आहे.

संघास जागा दिली ती शेठ जमनालाल बजाज यांनीं. सीकर संस्थानांतील एका खेड्यांत १८८९ सालीं जन्मलेले आणि वर्ध्याच्या बच्छराज बजाजांच्या घरीं दत्तक आलेले हे व्यापारी. १९२८ सालीं आपलें लक्ष्मीनारायणाचें मंदिर त्यांनीं अस्पृश्यांस खुलें केलें होतें. त्यांचा बागेंतला बंगला व भोवतालची सुमारें वीस एकर जमीन, तींत संत्र्यांचीं झाडें, एवढी मालमत्ता संघास मिळाली. १९३५ च्या प्रारंभीं गांधी स्वतः तेथें राहावयास आले. तत्पूर्वीं, १९३३ च्या सप्टेंबरापासून, दौऱ्याचे दिवस वगळतां, त्यांचें वर्ध्यांतील वास्तव्य सत्याग्रहाश्रमाच्या इमारतींत होतें. तेथेंच पुढें महिलाश्रम चालला.

येथपर्यंत संस्थेचा इतिहास झाला. वसाहतीचा स्वभाव निराळाच आहे, आणि तो या संस्थेच्या घटनेंतून कळत नाहीं. एकाच कुंपणांत संघाची कचेरी, कारखाना, शाळा आणि बिऱ्हाडें होतीं. कार्यवाह, त्याचे मदतनीस, ग्रामसेवक विद्यालयाचे विद्यार्थी, गांधींबरोबरचीं माणसें, प्रसंगवशात् येणारे पाहुणे, हे सर्व एकाच पंक्तीस बसत. चार्टर्ड अकौंटंट म्हणून लंडनास व मुंबईस काम केलेले, कोलंबिया विद्यापीठांत अर्थशास्त्र शिकलेले तंजावरचे ख्रिस्ती गृहस्थ कुमारप्पा, त्यांचे बंधु भारतन्, गुजराती महादेवभाई देसाई, इंग्रज नौदलाधिकाऱ्याची कन्या मीराबेन, अशा माणसांच्या या वस्तीस कोणत्या एका जातीची किंवा प्रांताची आळी म्हणावें? आपल्याकडील पेठा बहुधा जातीवरून, धंद्यावरून किंवा वसविणाऱ्यावरून ओळखल्या जातात. येथें वस्तीस बांधणारी गोष्ट एकच, ती म्हणजे प्रतिज्ञा. आणि प्रतिज्ञेवर वसलेली वस्ती पिढीजात होत नाहीं.

रोजच्या व्यवहारांत प्रतिज्ञेचा अर्थ स्वयंपाकघरांत कळे. १९३५ सालीं तेथील भोजनाची देखरेख गांधींनीं आपल्याकडे घेतली होती. घरीं दळलेलें पीठ, न सडलेले तांदूळ, साखरेऐवजीं गूळ, घाणीचें तेल हे नियम संघाच्या धोरणांतूनच निघत. सोयाबीन शिजवून त्याचे परिणाम पाहणें आणि कडुनिंबाच्या पाल्याची चटणी वाढणें या गोष्टी मात्र धोरणापेक्षां प्रयोगशीलतेच्या होत्या. वल्लभभाई पटेल एकदां पंक्तीस होते. बापू बकरीचें दूध घेतच होते, आतां बकरीचा चाराहि खाऊं लागले, असें त्यांनीं कुमारप्पांस म्हटल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. आख्यायिकेंतील शब्दांस फार महत्त्व देऊं नये. पण भोजनाविषयींची रहिवाशांची भावना तींत खरी उतरली असावी.

याच वर्षीं मार्च-एप्रिल महिन्यांत, साठलेल्या पत्रव्यवहाराचा उपसा करण्यासाठीं, गांधींनीं सुमारें चार आठवडे मौन धरलें होतें. मौनाच्या काळांत बोलणें चिठ्ठ्यांवर होतें, आणि चिठ्ठीवर तारीख किंवा नांव घालण्याचें कोणास सुचत नाहीं. सोमवारचें मौन तर नित्याचेंच होतें. म्हणून बिनतारखेच्या चिठ्ठ्या हातीं आल्यास केवळ मौनाच्या आधारावर त्या या चार आठवड्यांत घालण्याचा मोह आवरावा.

वसाहतीची खरी परीक्षा कुंपणाबाहेर झाली. शहरालगत सिंदी नांवाची वस्ती आहे. नागपूरच्या लोहमार्गावरील सिंदी (रेल्वे) हें बाजाराचें गांव तें निराळें. दोहोंची गल्लत छापील लेखांतहि झालेली आढळते. या जवळच्या सिंदीच्या वाटा लोकांनीं शौचासाठीं वापरून घाण केल्या होत्या. मगनवाडीचे रहिवासी सकाळीं बादल्या व फावडीं घेऊन तेथें जात आणि मैला उचलून आणून त्याचें खत करीत. यांत महादेवभाई होते, आलेले पाहुणेहि होते. गांवकऱ्यांनीं हें पाहिलें, आणि बहुतांशीं पाहतच राहिले. साफ केलेली वाट दुसऱ्या दिवशीं तशीच होई. महादेवभाईंनीं ‘हरिजन’ साप्ताहिकांतील आपल्या साप्ताहिक पत्रांत हा उद्योग व हें अपयश, दोन्ही न लपवितां नोंदविलीं आहेत. या प्रकारच्या वृत्तांत अपयशाची नोंद क्वचितच सांपडते, म्हणून त्या पत्रांचें मोल विशेष.

या अपयशाचें कारण मगनवाडीच्या स्वरूपांतच होतें, असें आमचें मत आहे. ती गांव नव्हती आणि शहरहि नव्हती. श्रीमंत व्यापाऱ्याच्या बागेंतून सकाळीं येणारे आणि ऊन चढतांच बागेंत परतणारे लोक, मग ते कितीहि थोर असोत, सिंदीच्या माणसांस परकेच वाटणार. गांधींनीं हें ओळखलें होतें. मीराबेन प्रथम सिंदींतच राहावयास गेल्या, आणि तेथून पुढें शेगांव या खेड्यांत. ३० एप्रिल १९३६ रोजीं स्वतः गांधी शेगांवास गेले. म्हणजे ग्रामोद्योगासाठीं वसविलेल्या या वाडींत त्यांचें राहणें सव्वा वर्षाच्या आसपासच झालें, तेंहि मध्यें प्रवास आणि १९३५ च्या अखेरचें आजारपण धरून.

संघ मात्र त्यांच्यामागून शेगांवास गेला नाहीं. बागेची जी उणीव वाटली तोच कामाच्या दृष्टीनें तिचा गुण होता. यंत्रांचे सुटे भाग, प्रांतोप्रांतींचे विद्यार्थी, टपाल, कच्चा माल, हें सर्व आगगाडीनें यावयाचें. त्यास स्टेशन व बाजार जवळ पाहिजेत. खेड्याची सेवा खेड्यांत राहून करावी, आणि खेड्याचीं अवजारें शहराच्या कडेला बसून सुधारावीं, अशी ही वांटणी परिस्थितीनेंच करून दिली. कुमारप्पा मगनवाडींत राहिले. महादेवभाईंचें बिऱ्हाडहि कांहीं काळ तेथेंच राहिलें, आणि सुमारें साडेपांच मैलांची वाट चालून ते टपालासह शेगांवास जात व सायंकाळीं तसेच परत येत. वर्ध्याच्या उन्हाळ्यांत रोजचे अकरा मैल! त्यांच्या प्रकृतीवर याचा परिणाम झाला नसेल असें म्हणवत नाहीं. संग्राहकांनीं यांतून घेण्याची गोष्ट अशी कीं, या काळांतील पुष्कळ पत्रें एका ठिकाणीं सांगितलीं गेलीं, दुसऱ्या ठिकाणीं लिहिलीं किंवा टंकिलीं गेलीं, आणि वर्ध्याच्या टपालांत पडलीं. मथळा, हस्ताक्षर आणि टपालाचा शिक्का यांचीं ठिकाणें जुळलीं नाहींत एवढ्यावरून पत्र बनावट ठरत नाहीं.

संघाच्या उद्योगांपैकीं तेलघाणी, धान्य सडणें व दळणें, मधमाशापालन, गूळ, धूर न करणारी ‘मगन चूल’ आणि वनस्पतिज तेलावर जळणारा ‘मगन दीप’ यांचा नुसता उल्लेख पुरे. झवेरभाई पटेल यांनीं सुधारलेली घाणी तर ‘वर्धा घाणी’ या नांवानें देशभर गेली. परंतु आपल्या वाचकांचा निकटचा संबंध हातकागदाशीं आहे, म्हणून त्याविषयीं थोडें अधिक लिहितों.

जुन्नरी व दौलताबादी कागद आपण दप्तरांत नित्य पाहतों. तो धंदा गिरणीच्या कागदापुढें टिकला नाहीं, आणि बहुतेक कागदी घराण्यांनीं तो सोडला. ग्रामोद्योग संघानें जे धंदे हातीं घेतले त्यांत हा होता. के. बी. जोशी यांनीं त्याचा शास्त्रीय अभ्यास केला, त्यावर त्यांचें इंग्रजी पुस्तक संघानें प्रसिद्ध केलें, आणि पुढें पुण्यास हातकागदाची संस्था त्यांच्याच हातून उभी राहिली. कृति मूळचीच : चिंध्या, ताग किंवा रद्दी कुजवून कुटावयाची, लगदा हौदांत पाण्यांत ढवळावयाचा, चौकटीवरील जाळीनें त्याचा पातळ थर उचलावयाचा, वाळवावयाचा, खळ द्यावयाची, आणि गुळगुळीत दगडानें घोटावयाचा. संघाच्या कचेरींतून व तिच्या स्नेह्यांकडून हा कागद लिहिण्यास वापरला जाई, आणि संघाचीं कांहीं पुस्तकेंहि त्यावर छापलीं आहेत.

आतां अडचण पाहा. हातकागद दिसला कीं कागद जुना, हा आपल्यांपैकीं पुष्कळांचा अंगवळणी पडलेला ठोकताळा आहे. १९३५ नंतर तो निर्धास्तपणें लावतां येत नाहीं. खळ दिलेला, घोटलेला, कडा न कापलेला ताव पन्नास वर्षें दमट पेटींत राहिला म्हणजे तो शंभर वर्षें अधिक जुना दिसूं लागतो. आणि जुन्या पोथीचीं गहाळ पानें अशा तावांवर उतरून काढलेलीं असल्यास फसगत सहज होते. उपाय साधा आहे. ताव उजेडासमोर धरावा. जुन्या देशी कागदांत गवताच्या काड्यांच्या चटईच्या रेषा किंचित वांकड्या व विरळदाट उमटतात. तारेच्या जाळीवर उचललेल्या कागदांत त्या काटेकोर असतात किंवा मुळींच दिसत नाहींत. अर्थात् संघाच्या प्रेरणेनें कांहीं ठिकाणीं जुनी चटईहि चालू राहिली, म्हणून ही एकच कसोटी निर्णायक मानूं नये. शाईचा व अक्षरवळणाचा आधार बरोबर घ्यावा.

३० डिसेंबर १९३८ रोजीं गांधींच्या हस्तें मगनवाडींत ‘मगन संग्रहालय’ उघडलें. खादी व ग्रामोद्योग यांचीं अवजारें, नमुने व कृति एका छपराखालीं दाखविणारें हें संग्रहालय राजेरजवाड्यांच्या वस्तूंसाठीं नव्हतें. त्यांत चरखा, घाणी, चूल यांसच मान. याच सुमारास मध्यप्रांत-वऱ्हाडच्या मंत्रिमंडळानें प्रांतांतील उद्योगधंद्यांची पाहणी करण्यासाठीं कुमारप्पांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. तिनें ६०६ खेडीं पाहिलीं, आणि तिचा अहवाल १९३९ मध्यें निघूं लागला. १९३० च्या सुमारास गुजरातेंतील मातर तालुक्याची जी पाहणी कुमारप्पांनीं विद्यार्थ्यांकडून करविली होती, तिचाच हा विस्तार होय. विदर्भांतील कारागीर जातींचा व लुप्त धंद्यांचा इतिहास लिहिणारास हे दोन्ही अहवाल टाळून चालणार नाहीं. कुमारप्पा हिशेबाच्या बाबतींत किती कठोर होते हें १९३४ च्या बिहार भूकंपनिधीच्या वेळीं दिसून आलें होतें. तेव्हां खुद्द गांधींचा व त्यांच्या मंडळींचा खर्च निधीवर टाकण्यास त्यांनीं नकार दिला. अशा कार्यवाहाच्या हातचे आंकडे विश्वासार्ह मानण्यास हरकत नाहीं.

पुढील हकीकत थोडक्यांत. १४ जुलै १९४२ रोजीं काँग्रेस कार्यकारिणीनें वर्ध्यासच प्रसिद्ध ठराव केला, आणि ऑगस्टापासून देशभर जी धरपकड झाली तींत अलिप्ततेचें कलम असलेल्या संस्थांचीहि गय झाली नाहीं. कुमारप्पांस तुरुंगवास घडला. ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ हा ग्रंथ त्यांनीं जबलपूरच्या तुरुंगांत लिहिला. १९४८ सालीं सर्व सेवा संघ निघाला, आणि कालांतरानें ग्रामोद्योग संघ त्यांत विलीन झाला. कुमारप्पा मगनवाडी सोडून याच जिल्ह्यांतील सेलडोह येथें पन्नई आश्रमांत गेले, तेथून मदुरै भागांतील कल्लुपट्टीस. ३० जानेवारी १९६० रोजीं ते निवर्तले. मगनवाडीवरील रस्त्यास आज त्यांचें नांव आहे. १९५५ सालीं येथें निघालेली जमनालाल बजाजांच्या नांवाची ग्रामोद्योग संशोधनसंस्था २००८ सालीं महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेंत रूपांतरित झाली. संग्रहालयहि चालू आहे.

गांधींचीं पत्रें १९५८ ते १९९४ या काळांत निघालेल्या शंभर खंडांत सुरक्षित आहेत. वसाहतीच्या इतर कागदांचें तसें नाहीं. कोठीचे हिशेब, विद्यार्थ्यांच्या वह्या, घाणीचे व चुलींचे नकाशे, पाहुण्यांस धाडलेलीं साधीं पोस्टकार्डें, हे कागद ज्या त्या माणसाबरोबर तामिळनाडांत, गुजरातेंत, बंगाल्यांत गेले. आणि थोरांची सही नाहीं म्हणून ते रद्दींत जाण्याचा संभव सर्वांत अधिक. अशा कागदांवर मराठी क्वचितच असतें. इंग्रजी, हिंदी व गुजराती अधिक. तेवढ्यासाठीं मराठी संग्राहकानें ते परके समजूं नयेत.

शेवटीं मथळ्यांविषयीं. सप्टेंबर १९३३ ते १९३४ अखेर ‘सत्याग्रहाश्रम, वर्धा’ किंवा नुसतें ‘वर्धा’. १९३५ च्या आरंभापासून एप्रिल १९३६ पर्यंत ‘मगनवाडी, वर्धा’ किंवा पुन्हा नुसतें ‘वर्धा’. त्यापुढें गांधींच्या पत्रांवर ‘शेगांव’, संघाच्या पत्रांवर ‘मगनवाडी’. हिंदी-इंग्रजींत हें नांव ‘सेगांव’ असें लिहीत. याच लोहमार्गावर बुलढाणा जिल्ह्यांत गजानन महाराजांचें शेगांव असल्यामुळें टपाल तिकडे जाई, म्हणून १९४० सालीं खेड्याचें नांव सेवाग्राम करण्यांत आलें. यास्तव १९४० पूर्वींच्या मूळ पत्रावर लेखकाच्याच हातचें ‘सेवाग्राम’ आढळल्यास तें बारकाईनें तपासावें. आणि ‘वर्धा पूर्व’ या रेल्वेस्थानकास सेवाग्राम हें नांव त्याहून पुष्कळ उशिरां मिळालें, हें जुनीं रेल्वेपावत्यांचीं पुडकीं लावतांना विसरूं नये.